नऊ नंबरचा प्लग

नवतपा सुरू होता, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस. सकाळचे सहाच वाजले होते तरी अंगणातली फरशी पायाला कोमट लागत होती आणि मी जुन्या पेपरवर बारा स्पार्क प्लग दोन ओळीत मांडून बसलो होतो. वरच्या ओळीत एक ते सहा, खालच्या ओळीत सात ते बारा, ज्या क्रमाने इंजिनमधून निघाले अगदी त्याच क्रमाने. अकरा प्लगांची टोकं चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाची, कोरडी, हात लावावासा वाटेल अशी स्वच्छ. नऊ नंबरचा मात्र काळाकुट्ट आणि ओला. नाकाजवळ नेला तर कच्च्या पेट्रोलचा वास. मिस्त्री माझ्यासमोर उकिडवा बसला होता, त्याने तो प्लग बोटांत फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा तं कधीचाच बंद पडून असन."

कधीपासून, हे मी त्याला लगेच सांगू शकलो नाही. त्याच्या आधीच्या महिन्यात मी बायकोला आणि तिच्या दोन्ही बहिणींना घेऊन रामटेकला जाऊन आलो होतो, गाडीत चौघं, एसी सुरू, आणि कामठी सोडल्यावर मेव्हणी म्हणाली होती की भाऊजी, गाडी सुरू आहे की बंद तेच कळत नाही हो. मला इतका आनंद झाला होता ते ऐकून. आणि त्या सगळ्या प्रवासात एक सिलिंडर मेलेला होता, त्यातलं पेट्रोल पेटतच नव्हतं.

गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढची सगळी बोलणी किमतीवर जातात. एवढंच सांगतो की जर्मन आहे, १९९० च्या दशकातली, काळी, लांब, आणि बॉनेटखाली जवळपास सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. नागपुरातल्या एका व्यावसायिकाने तेव्हा इम्पोर्ट केली होती. ते गेल्यावर कामठी रोडवरच्या एका शेडमध्ये सात वर्षं कडुलिंबाखाली उभी होती. मी घेतली तेव्हा बॉनेटखाली खारीचं घरटं होतं, चारही टायर बसलेले, आणि टाकीतलं पेट्रोल उघडून वास घेतला तर जुन्या व्हार्निशचा वास येत होता. जेवढ्यात ती मला मिळाली तेवढ्यात आज साधी छोटी नवी गाडीसुद्धा येत नाही, पण नंतर जो खर्च झाला तो वेगळा, आणि तो मी घरात लपवलेला नाही, सगळा वहीत आहे.

माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली, मेंटेनन्समध्ये. आयुष्यभर टर्बाइनच्या आसपास राहिलो. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ५०, आणि म्हणून आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तो आवाज कानात इतका बसलेला आहे की रिटायर झाल्यावर सुरुवातीला रात्री झोप लागायची नाही. आणि पहिल्यांदा ही गाडी व्यवस्थित सुरू झाली तेव्हा मला तो आवाज आठवला, तंतोतंत तसा नाही पण त्याच घराण्यातला. नंतर कागदावर हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे बारा सिलिंडर असले की दर ६० अंशाला एक स्फोट. गाडी उभी असताना इंजिन ६०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, फिरत असलं तर सेकंदाला १० फेरे आणि ६० स्फोट. शेतावरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन याच वेगाला सेकंदाला ५ वेळा पेटतं, ते धक् धक् तुम्ही जवळजवळ मोजू शकता. ६० मोजता येत नाहीत, त्याची गुणगुण होते.

शिवाय एका ओळीत सहा सिलिंडर असलं की त्यांचे वर-खाली जाण्याचे धक्के एकमेकांना पूर्ण मारतात, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं जुनं गणित आहे. बारा म्हणजे असे दोन सहा, ६० अंशाच्या कोनात एकाच क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टवर, बसवलेले. अमेरिकेत पॅकार्डने १९१५ मध्ये 'ट्विन सिक्स' या नावाने बारा सिलिंडरची गाडी बाजारात आणली, नावातच सगळं सांगून टाकलं. जॅग्वारने १९७२ मध्ये आपल्या सेडानमध्ये बारा घातले, बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये, मर्सिडीजने १९९१ मध्ये. जपानमध्ये टोयोटाने १९९७ च्या सेंच्युरीत तर दोन्ही बाजूच्या सहा-सहांना वेगवेगळा कॉम्प्युटर दिला, एक बाजू पूर्ण बंद पडली तरी दुसऱ्या सहांवर गाडी चालत राहावी म्हणून. माझ्या गाडीतही बरंचसं सगळं दोन-दोन आहे, दोन कॉम्प्युटर, प्लगांना करंट वाटणारे दोन डिस्ट्रिब्युटर, हवा आत सोडणारे दोन थ्रॉटल. मी तिला एक गाडी समजतच नाही, दोन इंजिनं एका शाफ्टला बांधलेली असं समजतो आणि वहीतही दोन कॉलम केलेत, उजवी बँक, डावी बँक, बँक म्हणजे सहा सिलिंडरची एक बाजू.

पहिल्यांदा सुरू करतानाची गोष्ट सांगतो, कारण त्यात मिस्त्री काय चीज आहे ते कळतं. गड्डीगोदामला त्याचं छोटंसं गॅरेज, अॅम्बॅसेडर आणि मॅटाडोरवर शिकलेला माणूस, वडिलांच्या हाताखाली. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने बारा सिलिंडर आयुष्यात उघडलेले नव्हते आणि त्याने ते सरळ सांगितलं. मला तेच आवडलं. बॅटरी लावून चावी फिरवायची घाई त्याने केली नाही. आधी सगळे प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. हळूहळू. पहिला अर्धा फेरा जड गेला, मग कुठेतरी आतून एक ओलसर सुस्कारा आला आणि ते फिरायला लागलं. तो एकदम थांबला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "फिरलं काका." दोघंही काही बोललो नाही मग बराच वेळ.

त्यानंतर टाकी उतरवून धुतली, पंप बदलले, सगळे पट्टे, सगळे होस, ब्रेकचे पाइप. नागपुरात रबर टिकत नाही. इथे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत पारा गेला होता, आणि बॉनेटच्या खाली त्याच्या कितीतरी वर जातो. जे रबर थंड देशात वीस वर्षं मऊ राहतं ते इथे दहा वर्षांत खारकेसारखं होतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच घालायचं नाही हा पहिला नियम, आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके की बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते, तीच रेघ रेडिएटरच्या नळ्यांत आत बसते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, अर्धं अर्धं, आणि दोन वर्षांनी सगळं काढून नवीन.

पण खरं मोठं काम वायरिंगचं निघालं. त्या काळात काही कंपन्यांच्या इंजिनच्या वायरींवर असं इन्सुलेशन आलं की उष्णतेने ते कडक होऊन गळून पडायचं. माझ्या गाडीत तेच झालेलं. वरचं काळं वेष्टन कापलं तर आतल्या वायरींचा रंगीत प्लास्टिकचा भाग बोटाने दाबला की पापडासारखा मोडायचा आणि खाली उघडं तांबं. नवीन हार्नेस, म्हणजे इंजिनच्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, परदेशातून मागवायचा तर किंमत ऐकूनच फोन ठेवला. मग मी मिस्त्रीला म्हटलं, हे आपण बनवू. पॅनल वायरिंग मी नोकरीत डोळे मिटून केलेलं आहे, वायरच्या टोकाला बसवायचं नंबरचं फेरूल, लग, क्रिंपिंग, सगळं.

जुना हार्नेस एकही वायर न तोडता काढला आणि घरी आणून हॉलच्या फरशीवर पसरवला, एखाद्या झाडाच्या मुळ्या पसरवाव्यात तसा. मग खडूने त्याच्या कडेकडेने रेघ मारली. जिथे फांदी फुटते तिथे गोल, जिथे कनेक्टर आहे तिथे चौकोन आणि आत त्याचा नंबर. हार्नेस उचलला तरी त्याचा नकाशा फरशीवर राहिला, आणि त्या नकाशावर मी एकेक नवीन वायर घालत गेलो, टेफ्लॉनच्या इन्सुलेशनची, दोन्ही टोकांना फेरूल. रोज सकाळी पेपर वाचून झाला की बसायचं ते जेवणापर्यंत. महिनाभर हॉलमध्ये कुणी झाडू मारला नाही त्या भागात. बायको सोफ्याच्या मागून फिरून स्वयंपाकघरात जायची. एकदा पुण्याहून मुलगा आला, त्याने विचारलं की आई हे काय चाललंय, तर ती म्हणाली, बाबांचं युनिट ओव्हरहॉलिंगला आहे, त्या रेघेवर पाय नको देऊ. कोराडीत ओव्हरहॉलिंग असलं की मी घरी फक्त झोपायला यायचो, ते तिला आठवत होतं.

नवीन हार्नेस बसला आणि गाडी अशी चालायला लागली की मी रोज काहीतरी कारण काढून बाहेर पडायचो. अमरावती रोड, फुटाळा, परत. सिग्नलला उभी असताना टपावर चहाचा कप ठेवला तर चहावर तरंग उठणार नाही अशी शांत. आणि मला वाटलं की झालं.

इथेच चूक झाली. बारा सिलिंडरची गाडी आपलं दुखणं सांगत नाही. ऑटोरिक्षात एकच सिलिंडर, तो बंद पडला की रिक्षा उभी. अॅम्बॅसेडरमध्ये चार, एक गेला की अख्खी गाडी हलायला लागते, स्टिअरिंग सांगतं, सीट सांगते, रस्त्यावरचा पोरगासुद्धा सांगतो की मिसिंग आहे. इथे सेकंदाला ६० स्फोटांतले ५ कमी झाले आणि बाकी ५५ ते सांभाळून घेतात, वर कॉम्प्युटर आयडलिंगची, म्हणजे गाडी उभी असतानाची, हवा थोडी वाढवून काट्यावरसुद्धा काही दिसू देत नाही. ज्या गुणासाठी ही गाडी घ्यावीशी वाटते तोच गुण तिचं आजारपण झाकतो. चांगली वाटते आहे म्हणजे चांगली आहे असं या गाडीबाबत धरूनच चालता येत नाही.

मला काही जाणवलंच नव्हतं असंही नाही. अॅव्हरेज कमी झाल्यासारखं वाटत होतं, आणि सकाळी सुरू केली की मागे पेट्रोलचा वास यायचा. मिस्त्रीने त्याची जुनी पद्धत लावून पाहिली, चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढायची आणि ज्याची काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. इथे कुठलीही वायर काढली तरी फरक पडेना, म्हणजे पडायचा पण सेकंदभरात भरून निघायचा, आणि हाय टेन्शनशी, म्हणजे प्लगच्या जोरदार व्होल्टेजशी, असं फार खेळणं ते तयार करणाऱ्या कॉइललाही बरं नाही म्हणून मीच थांबवलं त्याला. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांच्या स्कॅनरला ही गाडी बोलेना, त्या काळच्या गाडीचं सॉकेटच वेगळं, तरी त्यांनी सांगितलं की दोन्ही कॉम्प्युटर गेले, बदलावे लागतील. मी मान हलवली आणि गाडी घरी आणली. दोन्ही एकदम कसे जातील, दोन वेगळ्या बाजूंचे?

शेवटी बाराही प्लग काढून पाहायचं ठरवलं, म्हणून त्या दिवशी पहाटेची वेळ. अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायचे तर इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गरम असताना काढले तर आटे सोबत येऊ शकतात, आणि नवतप्यात पूर्ण थंड म्हणजे पहाट सोडून दुसरी वेळ नाही.

कारण साधंच निघालं. वरच्या कव्हरचं गॅस्केट उन्हाने कडक झालेलं, त्यातून ऑइल झिरपून नऊ नंबरच्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो बसतो त्या खोल भोकात, साचलं होतं. टॉर्च मारली तर तळाशी चकाकत होतं, विहिरीत पाणी दिसावं तसं. प्लगच्या टोपीचं रबर त्या ऑइलने फुगून मऊ झालं, आणि स्पार्क प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी बाजूनेच निसटत होता. पेट्रोल मात्र येतच होतं. ते न जळलेलं पेट्रोल थोडं सायलेन्सरकडे, थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून वास घेतला तर तिथेही पेट्रोल. अजून दोन महिने असंच चाललं असतं तर पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग खाल्ले असते.

मग मी वही उघडली. कोराडीत दर तासाला लॉगशीट भरायची पद्धत, बेअरिंगचं टेंपरेचर, व्हायब्रेशन, ऑइलचं प्रेशर. तीच सवय म्हणून गाडीचीही वही ठेवलेली, दर वेळी पेट्रोल भरलं की अॅव्हरेज, दर रविवारी ऑइलची लेव्हल. पानं मागे उलटत गेलो. शहरातलं अॅव्हरेज ५.२, ५.२, ५.०, ४.९, ४.७, ४.६. ऑइलची लेव्हल, जी हळूहळू खाली जायला पाहिजे, ती चार महिन्यांपासून तिथल्या तिथे, मग चक्क थोडी वर. सगळं माझ्याच अक्षरात. चार महिने मी दर रविवारी ते आकडे लिहिले होते आणि एकदाही मागचं पान उलटून पाहिलं नव्हतं.

नोकरीला नवीन होतो तेव्हा आमचे एक शिफ्टचे साहेब होते, ते ड्युटीवर आले की मशीनकडे जायचे नाहीत, आधी मागच्या आठ दिवसांची लॉगशीट मागवायचे आणि हातात लाल पेन्सिल घेऊन एकेक कॉलम वरून खाली पाहायचे. एकदा त्यांनी मला बोलावून एका बेअरिंगचे आकडे दाखवले, ६२, ६२, ६३, ६३, ६४. मी म्हटलं, साहेब अलार्म तर खूप लांब आहे. ते म्हणाले, अलार्म मशीनसाठी असतो, हे तुमच्यासाठी आहे. पुढच्या शटडाऊनला ते बेअरिंग उघडलं आणि ऑइलच्या नळीत चिंधीचा तुकडा सापडला. हे मला माहीत होतं, पस्तीस वर्षं मी हेच केलं, नव्या पोरांना हेच शिकवलं. आणि स्वतःच्या गाडीला, जिच्यावर इतका जीव, तिला ते दिलं नाही, कारण ती इतकी छान चालत होती. त्या सकाळी मला फार वाईट वाटलं. मिस्त्रीला दिसलं असावं, तो म्हणाला, "जाऊ द्या काका, सापडला नं," आणि विहिरीतलं ऑइल सिरिंजने ओढायला लागला.

दोन्ही बाजूंची गॅस्केटं बदलली, बाराही टोप्या नव्या, ऑइल फिल्टरसकट ताजं, या इंजिनात ते दहा लिटरच्या आसपास लागतं. टोप्या आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप त्याच कंपनीच्या त्या काळच्या सहा सिलिंडरच्या गाडीचीच बसली, ती दिल्लीत सहज मिळते आणि बरीच स्वस्त, हे ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पार्ट नंबर जुळवून जरूर पाहावं. सुरू केली तेव्हा खरं सांगतो, मला फरक कळला नाही. बायकोलाही नाही. अॅव्हरेजच्या कॉलमने सांगितला, तीन टाक्यांनंतर, ५.१.

इथेनॉलचं लोक विचारतात. आमचे नागपूरचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे जुने पुरस्कर्ते आहेत आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के ते येतंच. शेतकऱ्याचा ऊस, मका त्यातून विकला जातो हे मला पटतं. पण या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, म्हणून टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या नळ्या मी नव्या जातीच्या रबराच्या करून घेतल्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरूनच ठेवतो. वहीत इथेनॉलसाठी वेगळा कॉलम केला नाही, अॅव्हरेजवर त्याचाही परिणाम होतो हे लक्षात ठेवून वाचतो.

रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, १ एप्रिल २०२२ पासून इम्पोर्टेड चारचाकीची फी ४०,००० रुपये झाली होती, मी तेव्हा तेवढीच भरली. गाडी तपासायला आलेल्या साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, हे फेरूल कंपनीचे आहेत का. मी म्हटलं, नाही, घरचे.

२०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजमधलं बारा सिलिंडर थांबवलं. जॅग्वारचं तर त्याच्या पंचवीस वर्षं आधीच थांबलेलं. रोल्स-रॉइससारख्या मोजक्यांकडे उरलेत. नवीन बॅटरीवरची गाडी याहून शांत असते, मुलाकडे आहे, मी चालवली आहे, उत्तम आहे. पण तिच्यात सेकंदाला ६० गोष्टी वेळेवर घडवून आणून मिळवलेली शांतता नाही, आणि ती मिळवण्यात कुणाकुणाचे हात लागतात ते मी माझ्या हॉलच्या फरशीवर पाहिलेलं आहे.

आता दर रविवारी चहा झाला की मी वही उघडतो, पण लिहायला नाही. मागचे आठ आठवडे आधी वाचतो, लाल पेन्सिल घेऊन. मिस्त्रीचा फोन येतो कधी कधी, "काका, पेन्सिल मारली का?" या रविवारी मारली. गाडी बंद केल्यावर रेडिएटर थंड करणारा समोरचा पंखा जेवढा वेळ चालू राहतो तो मी घड्याळ लावून लिहितो, ४० सेकंद, ४०, ४५, ४५, ५५. ऊन तेवढंच आहे, फेरीही तीच, फुटाळ्यापर्यंत आणि परत. टेंपरेचरचा काटा अगदी मध्यावर, गाडी सुरेख चालते आहे. ५५ खाली लाल रेघ मारली आणि त्याला सांगितलं की बुधवारी पहाटे ये, रेडिएटर उतरवून पाहू.